‘सत्तेत वाटा’ हे शब्द मागे घ्या : इतिहास अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ

सप्रेम नमस्कार.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा इतिहासाचा नवा मसुदा आपण हरकती आणि सूचनांसाठी खुला केलात. हरकत नोंदवायला दोनशे शब्दांची चौकट दिली होती. माझं म्हणणं तीत मावेना, म्हणून हे पत्र. आपल्याकडे ते टपालाने पाठवते आहेच. पण ज्यांची मुलंमुली हा विषय घेणार आहेत त्यांनीही ते वाचावं, म्हणून चारचौघांत ठेवते आहे.

मसुद्यात ‘आधुनिक आफ्रिका’ ही विषयपत्रिका राहिलेली नाही. तिच्या साठ तासिकांच्या जागी ‘जगाचा इतिहास’ या पत्रिकेत अर्धा घटक आला आहे, तासिका चार. घटकाचं नाव आहे ‘वसाहतकालीन आफ्रिका : सत्तेत स्थानिकांचा वाटा’. खाली अडीच ओळी. ब्रिटिशांनी स्थानिक प्रमुखांना सत्तेत वाटा देऊन अप्रत्यक्ष राज्य केलं, फ्रेंचांनी स्थानिकांना आपल्यात सामावून घेतलं, बेल्जियम आणि पोर्तुगाल यांनी थेट राज्य केलं. प्रश्नपेढीत नमुन्याचा प्रश्न दिला आहे : ‘अप्रत्यक्ष राज्यपद्धतीचे फायदे-तोटे लिहा. (५ गुण)’

तासिका कमी झाल्या, तेवढं मी गिळलं असतं. विद्यार्थी कमी झालेत, श्रेयांकांची गणितं बसवायची असतात, हे मला कळतं. घशाखाली उतरत नाही तो ‘वाटा’ हा शब्द.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली सोळा वर्षं हीच पत्रिका शिकवली. मराठीत धड पुस्तक नव्हतं, म्हणून टिपणं स्वतः काढली, सायक्लोस्टाइल करून वाटली, पुढे झेरॉक्स आली. ती टिपणं आजही दोन-तीन जिल्ह्यांत फिरतात, हे मला मुलांकडूनच कळतं.

दुसरा संबंध घरातला आहे. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाआधी दहा-बारा वर्षं केनियात किसुमूला रेल्वेत कारकून होते. आमच्या घरी त्या काळातली एक लाकडी पेटी आहे आणि आजीने सांगितलेली एक गोष्ट आहे. घरकामाला त्यांच्याकडे लुओ जमातीचा एक तरुण होता. त्याच्या गळ्यात दोरीला पत्र्याची डबी असे. डबीत कागद, कागदावर त्याच्या बोटांचे ठसे, मालकाचं नाव, पगार. याला ‘किपांडे’ म्हणत. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला तो बाळगावाच लागे. नोकरी सोडताना मालकाने त्यावर सही केली नाही, तर दुसरीकडे काम मिळत नसे, आणि तसंच निघून गेलं तर तो गुन्हा ठरे. त्या तरुणाला गावी जायचं होतं. नवा माणूस मिळेपर्यंत आजोबांनी सही तीन आठवडे लांबवली. आजी म्हणायची, ‘तो रोज सकाळी अंगण झाडून झालं की डबी उघडून यांच्यापुढे धरायचा, आणि हे पेपर वाचत बसायचे.’ आजोबा दुष्ट नव्हते. आम्हा नातवंडांच्या पाठीवर त्यांनी कधी चापट मारली नाही. पण एका माणसाची मोकळीक त्यांच्या सहीत अडकवून ठेवण्याची सोय सरकारने करून दिली होती, आणि त्यांनी ती वापरली.

तुमच्या भाषेत बोलायचं, तर हाही सत्तेतला वाटाच होता.

आता हरकती.

पहिली हरकत या शब्दालाच आहे. वाटा म्हणजे काय, हे आपल्या गावांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाटा मागता येतो, तो मिळाला नाही तर भांडता येतं, आणि आपला वाटा दुसऱ्याला काढून घेता येत नाही. आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतो या मुस्लिम राज्यात काय झालं ते या कसोटीला लावून पाहा. १९०३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश फौजेने सोकोतोची खिलाफत जिंकली. सुलतान अत्ताहिरू शहर सोडून पूर्वेकडे निघाला आणि जुलैत बुर्मीच्या लढाईत मारला गेला. दरम्यान उत्तर नायजेरियाचा ब्रिटिश हाय कमिशनर फ्रेडरिक लुगार्ड याने सोकोतोत नवा सुलतान बसवला आणि जमलेल्या सरदारांपुढे भाषण केलं. त्याचा सारांश असा : फुलानींनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्या जमातीने, हा मुलूख जिंकून राजे नेमण्याचा, काढण्याचा आणि कर घेण्याचा हक्क मिळवला होता, पराभवाने तो हक्क आता ब्रिटिशांकडे आला आहे, आणि यापुढे प्रत्येक सुलतान, प्रत्येक अमीर, म्हणजे सुलतानाच्या हाताखालचा राजा, आणि दरबारचे मुख्य अधिकारी हाय कमिशनर नेमील. लुगार्डने काहीही लपवलं नाही. लपवतो आहोत ते आपण, सव्वाशे वर्षांनी, मराठीत.

त्यानंतरची घडी अशी बसली. अमीर आपल्या वाड्यात राहिला, शुक्रवारची मिरवणूक राहिली, काझीचं न्यायालय राहिलं. कर अमीराची माणसं गोळा करत. त्यातला साधारण निम्मा सरकारजमा होई, उरलेला ‘नेटिव्ह ट्रेझरी’त, ज्याला तिथे ‘बैत-अल-माल’ हे जुनंच नाव दिलं गेलं. त्यातून अमीराला ठरलेला पगार. पूर्वी अमीर फार माजला तर त्याचे सरदार फिरत, मौलवी बोलत, रयत घरंदारं उचलून शेजारच्या अमीराच्या मुलखात जाई. आता त्याच्या पाठीशी इंग्रजांच्या बंदुका होत्या. रयतेने त्याला घाबरायचं, त्याने रेसिडेंटला, म्हणजे शेजारी बसवलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला, घाबरायचं. खालून येणारा धाक गेला, वरून येणारा तेवढा उरला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे दोन कोटींच्या नायजेरियावर ब्रिटिश प्रशासकीय अधिकारी चारशेसुद्धा नव्हते. इतक्या थोड्या माणसांनी एवढा देश हाकायचा, तर कर गोळा करणारा, वेठीला माणसं धाडणारा आणि लोकांच्या शिव्या खाणारा कुणीतरी त्यांच्यातलाच लागतो. खर्च वाचतो, आणि राग साहेबाऐवजी अमीरावर निघतो.

इथे ‘रेसिडेंट’ हा शब्द वाचून साताऱ्याच्या मुलांचे कान टवकारतात, आणि टवकारायलाच हवेत. लुगार्डचा जन्म मद्रासचा, १८५८ चा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत त्याची उमेदवारी झाली. उत्तर नायजेरियाच्या प्रांतांत त्याने बसवलेल्या अधिकाऱ्यांचं नाव ‘रेसिडेंट’च होतं. आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, शेजारी ग्रँट डफला ठेवलं, आणि इतर कुठल्याही दरबाराशी रेसिडेंटला वगळून पत्रव्यवहार करायचा नाही असं तहात लिहून घेतलं. १८३९ मध्ये त्याच महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षं दाद मागत बसले. छत्रपतींना ‘सत्तेत वाटा’ होता, असं वाक्य आपण सातारच्या प्रकरणात छापाल का? मग सोकोतोच्या प्रकरणात का छापता?

युगांडात तर हा प्रकार जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा घडला. १९०० च्या करारात युगांडातल्या बुगांडा राज्याचा कबाका, म्हणजे राजा, आणि त्याची लुकिको ही सभा मान्य झाली. राजा तेव्हा लहान होता, सह्या त्याच्या कारभाऱ्यांनी केल्या. करारात हजारभर सरदार आणि खाजगी धारकांसाठी आठ हजार चौरस मैल जमीन लावून दिली गेली. जी कुळं पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसत होती त्यांना कुणी विचारलं नाही. सरदार खूश, म्हणजे करार पक्का. त्रेपन्न वर्षांनी कबाका मुतेसा दुसरा गव्हर्नरच्या शब्दाबाहेर गेला, तेव्हा त्याला विमानात बसवून लंडनला पाठवलं. त्याला दोन वर्षांनी परत आणावं लागलं, कारण बुगांडा पेटून उठला होता. प्रतापसिंहांच्या नशिबी परत येणं नव्हतं, एवढाच फरक.

दुसरी हरकत ‘स्थानिक प्रमुखांना’ या शब्दांना. जिथे प्रमुख नव्हता तिथे काय केलं? याचं उत्तर मसुद्यात नाही, आणि सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. म्हणून या मुद्द्यावर थोडी रेंगाळते.

नायजेरियाच्या आग्नेयेला, इग्बो आणि इबिबिओ मुलखात, राजे नव्हते. गावाचे निर्णय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, वयोगटांच्या मंडळांत, आणि बायकांच्या त्यांच्या त्यांच्या सभांत होत. बाजार बायकांच्या हातात होता. सरकारला हे अवघड वाटलं. हुकूम सोडायचा कुणाला? मग त्यांनी माणसं निवडली, त्यांच्या हातात अधिकारपत्र दिलं आणि त्यांना नेटिव्ह कोर्टात बसवलं. हेच ‘वॉरंट चीफ’. मी वर्गात त्यांना ‘सनदी मुखिया’ म्हणायची. एकदा माण तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘मॅडम, सनद दिली पण गावाने पाटील म्हणून मानलाच नाही तर?’ मी म्हटलं, मग गाव काय करतं ते पुढच्या तासाला बघू.

१९२६ मध्ये पुरुषांची मोजणी झाली. ती कशासाठी, हे नीट सांगितलं नव्हतं. १९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको इथला सनदी मुखिया ओकुगो याने आपला माणूस, मार्क एमेरेउवा, पुन्हा मोजणीला पाठवला. या वेळी बायका, मुलं, शेळ्यामेंढ्या, सगळंच मोजायचं होतं. ताडतेलाचे भाव त्या वर्षी पडलेले. एमेरेउवा न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या अंगणात शिरला. ती पामच्या फळांचं तेल काढत होती. ‘तुझी माणसं, शेळ्या मोज,’ असं तो म्हणाला. तिने विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का? झटापट झाली. ती तेलाच्या हातांनी तशीच बायकांच्या सभेकडे धावली. गावोगाव ताडाची पानं पोचली, आणि पान पोचलं की निरोप पोचला.

त्या मुलखात बायकांची एक जुनी रीत होती, तिला पुरुषावर ‘बसणं’ म्हणत. ज्याने आगळीक केली त्याच्या दारात सगळ्यांनी जमायचं, त्याच्या नावाची गाणी म्हणायची, नाचायचं, मुसळांनी भिंती बडवायच्या, त्याने कबूल करेपर्यंत हलायचं नाही. आपल्याकडचं धरणं आठवा, फक्त हे उपाशी राहून धरायचं नव्हतं, नाचून धरायचं होतं. ओकुगोच्या दारात बायका बसल्या. त्याची अधिकाराची टोपी त्यांनी मागितली आणि सरकारला ती काढून द्यावी लागली. त्याला कैद झाली. मग लोण पसरलं. हजारोंनी बायका निघाल्या, गावोगावच्या नेटिव्ह कोर्टांवर चालून गेल्या, काही कोर्टं जाळली. त्यांचा राग नेमका त्या इमारतींवर होता, जिथे कालपर्यंत कुणी नसलेला माणूस सनदेच्या जोरावर दंड करत होता. डिसेंबरात ओपोबो आणि इतर ठिकाणी गोळीबार झाला. पन्नासहून अधिक बायका मेल्या.

सरकारी कागदांत याचं नाव ‘आबाचे दंगे’; आबा हे तिथलं शहर. त्या बायकांनी दिलेलं नाव ‘ओगु उमुनवान्यी’, बायकांचं युद्ध. १९३० मध्ये चौकशी आयोग बसला, त्यापुढे बायकांनी साक्षी दिल्या, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत सनदी मुखियांची पद्धत मोडीत निघाली. मी ही तासिका शिकवायची त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा वही बंद करून ऐकायच्या. चार तासिकांत ही गोष्ट कुठे बसवायची, ते मंडळाने मला सांगावं.

तिसरी हरकत मसुद्यातल्या सरळ चुकीवर आहे, तिच्यात मतभेदाला जागा नाही. ‘बेल्जियमने थेट राज्य केलं’ हे वाक्य रुआंडाच्या बाबतीत उलटं आहे. रुआंडा-उरुंडी बेल्जियमकडे पहिल्या महायुद्धात आलं, आणि तिथे राज्य चाललं ते म्वामीच्या, म्हणजे राजाच्या, आणि तुत्सी सरदारांच्या हातून. तुत्सी हा तिथला अल्पसंख्य गट, हुतू बहुसंख्य. म्वामी मुसिंगा ऐकेना, बाप्तिस्मा घेईना, म्हणून १९३१ च्या नोव्हेंबरात त्याला काढून त्याच्या मुलाला बसवलं. पूर्वी एकाच टेकडीवर जमिनीचा, गुरांचा आणि माणसांचा असे वेगवेगळे प्रमुख असत, त्यांत हुतूही असत, आणि एकाने गांजलं तर दुसऱ्याकडे जाता येई. बेल्जियमने कारभार सुटसुटीत करायचा म्हणून हे सगळे अधिकार एकाच्या हातात दिले, आणि तो एक बहुतेक ठिकाणी तुत्सी. १९५९ मध्ये ४५ सरदारांपैकी ४३ आणि ५५९ उपसरदारांपैकी ५४९ तुत्सी होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येकाला ओळखपत्र दिलं आणि त्यावर हुतू, तुत्सी की त्वा हे छापलं. तोवर माणूस गुरं राखून, लग्न करून एका गटातून दुसऱ्या गटात सरकू शकत असे; कार्डानंतर ते बंद झालं. १९९४ च्या एप्रिलात तुत्सींचं हत्याकांड सुरू झालं, तेव्हा नाक्यानाक्यावर लोकांना थांबवून हीच नोंद पाहिली जात होती. ‘थेट राज्य’ लिहून आपण विद्यार्थ्याला या साखळीची पहिली कडीच दाखवत नाही.

फ्रेंचांनी ‘सामावून घेतलं’, तेही कुणाला? सेनेगलच्या चार शहरांतल्या लोकांना : सें-लुई, गोरे हे बेट, रुफिस्क आणि डाकार. त्यांना मत होतं. १९१४ मध्ये त्यांनी ब्लेझ दियाञ याला निवडून पॅरिसच्या संसदेत पाठवलं, आणि १९१६ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्व पक्कं झालं. दोन वर्षांनी याच दियाञने पश्चिम आफ्रिकेत फिरून फ्रान्सच्या फौजेसाठी ६० हजारांवर जवान मिळवून दिले. शहरांबाहेरचे कोट्यवधी लोक मात्र ‘अँदिजेना’ या नियमावलीखाली होते. तीत कोर्ट न भरवता गोरा अधिकारी कैद नि दंड ठोठावू शकत असे. वेठबिगार होतीच. दोन्ही १९४६ मध्ये संपली. आणि हो, फ्रेंचांच्या मुलखातही गावपातळीवर कर वसूल करायला आफ्रिकी मुखियेच होते, फक्त त्यांना राजा म्हणवून घेण्याची मुभा नव्हती.

पोर्तुगीजांचा हिशोब सगळ्यांत छोटा. १९५० च्या मोझांबिकमध्ये सुमारे ५७ लाख आफ्रिकी लोकांत ‘असिमिलादु’, म्हणजे पोर्तुगीज नागरिकासारखा मानलेला माणूस, साडेचार हजारही नव्हता. बाकी सगळे ‘इंदिजेना’. त्यांच्यासाठी वेगळा कायदा, सक्तीची मजुरी. तो कायदा १९६१ मध्ये गेला. त्या कायद्याच्या बाहेर राहून सरकारी कचेऱ्यांत बसणाऱ्यांत आपले गोवेकर बरेच होते. त्याच गोव्यात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा पुढे स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९८६ च्या विमान अपघातात त्यांच्यासोबतच गेले. एकाच समाजातले हे दोन रस्ते मुलांना का दाखवू नयेत?

चौथी हरकत. मसुद्यात आपण हिंदी लोक कुठेच नाही. पूर्व आफ्रिकेत वाटणीचा खेळ तीन पायऱ्यांचा होता, आणि मधल्या पायरीवर आपण उभे होतो. १९२१ च्या जनगणनेत केनियात युरोपीय दहा हजारही नव्हते, हिंदी बावीस हजारांच्या वर होते, आफ्रिकी पंचवीस लाखांच्या आसपास. हिंदी पुढाऱ्यांनी समान मतदारयादी मागितली, उंचावरच्या सुपीक जमिनी सगळ्यांना घेता याव्यात असं म्हटलं. १९२३ मध्ये लंडनहून डेव्हनशर श्वेतपत्रिका आली. तीत म्हटलं होतं, की केनिया हा आफ्रिकी मुलूख आहे आणि आफ्रिकी लोकांचं हित सर्वोच्च आहे. वाचायला किती छान! त्या सर्वोच्च हिताचा विधिमंडळातला हिशोब असा : युरोपीय लोकांचे ११ निवडून आलेले सदस्य, हिंदी लोकांचे ५, अरबांचा १, आणि आफ्रिकी लोकांच्या वतीने बोलायला एक नेमलेला गोरा मिशनरी. सुपीक डोंगरपट्टा गोऱ्यांचाच राहिला. पहिला आफ्रिकी सदस्य, एलिउद माथू, १९४४ मध्ये आला, तोही नेमलेला.

श्वेतपत्रिकेच्या आधीच्या वर्षीची, १९२२ च्या मार्चमधली गोष्ट तर मसुद्यात हवीच हवी. किपांडे आणि कर यांविरुद्ध बोलणाऱ्या हॅरी थुकूला नैरोबीत पकडलं. पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला. पुरुष माघारी फिरण्याच्या बेतात होते, तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू पुढे झाली, आणि गोळीबारात पहिल्या काहींत तिचा बळी गेला. आजोबांसमोर पुढे रोज सकाळी उघडली जाणारी डबी तीच होती.

१९५७ मध्ये केनियात आफ्रिकी लोकांनी पहिल्यांदा मत दिलं, आठ जागांसाठी. त्यातही शिक्षण, उत्पन्न, सरकारी सेवा यांवर एका माणसाला तीनपर्यंत मतं. आणि किकुयू, एंबू, मेरू लोकांना मतदार व्हायचं तर आधी सरकारनिष्ठेचा दाखला. माऊ माऊ या किकुयू उठावामुळे आणीबाणी चालू होती, हजारो लोक छावण्यांत होते. गावात हा दाखला कुणाला मिळावा, यात मुखिया आणि होमगार्ड यांचं म्हणणं चाले. मतदान तर झालं. कुणी करायचं, ते मात्र आधीच ठरलं होतं.

यावर आपल्याकडून दोन उत्तरं येतील, असं मला वाटतं. एक, स्पर्धापरीक्षेला आफ्रिका विचारत नाहीत. बरोबर आहे, विचारत नाहीत. मग पानिपतावर आपण इतके तास का घालवतो, हे मी विचारणार नाही. दुसरं उत्तर जरा वजनदार आहे : काही राजांनी, सरदारांनी खुशीने साथ दिली, त्यांचा फायदा झाला, मग त्यांना नुसती बाहुली कसं म्हणायचं? बाहुली म्हणूच नये. सरदारांनी आपले डाव खेळले. बुगांडाच्या सरदारांनी तर शेजारच्या बुन्योरोवर इंग्रजांच्या वतीने अधिकार गाजवला, आणि १९०७ मध्ये बुन्योरोच्या लोकांनी ‘आम्हाला गांडा मुखिये नकोत’ म्हणून उठाव केला. हे सगळं शिकवावं. पण अर्ध्या घटकात ते बसत नाही, आणि ‘वाटा’ या शब्दात तर मुळीच नाही. नेमणूक कोण करतो, काढून कोण टाकतो, पैसा कुठून कुठे जातो आणि बंदूक कुणाकडे आहे, हे चार प्रश्न विद्यार्थ्याने कुठल्याही राजवटीला विचारायला शिकावं, एवढ्यासाठी मी ही पत्रिका शिकवत आले.

राहिला ‘फायदे-तोटे’ हा प्रश्न. फायदे कुणाचे, ते त्यात लिहायचं राहून गेलं आहे. न्वान्येरुवाच्या बाजूने मुलाने उत्तर लिहिलं, तर परीक्षक पाचपैकी किती देतील?

माझ्या मागण्या साध्या आहेत :

१. घटकाच्या शीर्षकातून आणि मजकुरातून ‘सत्तेत वाटा’ हे शब्द काढावेत. पर्याय सुचवते : ‘वसाहतकालीन आफ्रिका : कारभार कुणाच्या हातून, हुकूम कुणाचा’.

२. बेल्जियमविषयीचं वाक्य तातडीने दुरुस्त करावं. मसुदा कायम होण्याआधी ही दुरुस्ती व्हायलाच हवी. इतर मागण्या फेटाळल्यात तरी ही फेटाळता येणार नाही.

३. ‘आधुनिक आफ्रिका’ ही पत्रिका निदान ऐच्छिक म्हणून ठेवावी. ते जमत नसेल तर या घटकाला किमान १५ तासिका द्याव्यात.

४. मूळ कागदांची मराठीत एक छोटी पुस्तिका करावी. लुगार्डचं सोकोतोचं भाषण, १९०० चा बुगांडा करार, १९२३ ची श्वेतपत्रिका आणि १९३० च्या आयोगापुढच्या बायकांच्या साक्षी, यांतले निवडक उतारे पुरेत. अनुवादाचं काम मी विनामूल्य करीन.

५. पूर्व आफ्रिकेतले हिंदी आणि मोझांबिकमधले गोवेकर यांचं स्थान घटकात यावं, त्यांच्या तक्रारींसह आणि त्यांच्या सह्यांसह.

६. ‘फायदे-तोटे’ हा प्रश्न प्रश्नपेढीतून काढावा. त्याजागी, हवा तर, हा घ्या : ‘सनदी मुखियाचे अधिकार कुठून येत होते आणि ओलोकोच्या बायकांनी त्याची टोपी का मागितली?’ (१० गुण)

७. यातली जी मागणी नामंजूर होईल, तिचं कारण लेखी द्यावं. ‘सूचनांची नोंद घेण्यात आली’ हे उत्तर मला नोकरीत असताना चार वेळा आलं आहे, आणि ती चारही पत्रं फायलीत आहेत.

पुढच्या बैठकीला बोलावलंत तर मी येईन. प्रवासभत्ता नको, सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या एसटीने परतेन. टिपणांचा गठ्ठा आणि आजोबांच्या पेटीतला किसुमूच्या घराचा फोटो सोबत आणते. फोटोत आजोबा आणि आजी खुर्चीवर आहेत. मागे पायरीवर तो तरुण उभा आहे, आणि भिंग धरलं तर गळ्यातली डबी दिसते.

आपली,
एक निवृत्त इतिहास अध्यापिका,
जि. सातारा